सहावी काडी

पिंपळे गुरव
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

कु. दीक्षा किसन ओव्हाळ यांस,
चायनीजची गाडी, कुरुळी फाटा

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटे. ही वेळ नीट वाचा, कारण यापुढे ती तुम्हाला बऱ्याच ठिकाणी वाचावी लागणार आहे. त्या वेळी माझी सून पूनम हिने तुमच्या गाडीवर बांबूच्या काडीला टोचून भाजलेले सहा प्रकारचे मांस खाल्ले. तिला सातवा महिना चालू आहे.

आम्ही दोघी तिच्या माहेराहून, चाकणहून परत येत होतो. गाडी मी चालवत होते. कुरुळीपाशी वाहतूक तुंबली होती आणि तिला भूक लागली होती, म्हणून ती उतरली. साडेसातला मोशी आली तेव्हा तिचे ओठ भजीसारखे फुगले होते, मानेवर गांधी उठल्या होत्या आणि श्वास शिट्टी वाजवत होता. मी पुढच्या सगळ्या वाहनांना हॉर्न आणि शिव्या देत तिला भोसरीच्या दवाखान्यात नेले. इंजेक्शन दिले, सलाईन लावले, रात्रभर ठेवून घेतले. बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत. ते व्यवस्थित आहेत म्हणून हे पत्र आहे, नाहीतर दुसरे काही आले असते.

माझ्या मुलाने, जयदीपने, तुमच्या फलकावरच्या नंबरावर फोन करून काय खायला घातले असे विचारले. तुम्ही "सगळं चिकनच आहे" म्हणालात आणि फोन बंद केलात. तो अजून बंदच आहे. जयदीप रविवारी आणि सोमवारी फाट्यावर येऊन गेला, तर गाडीवर ताडपत्री. ही निर्दोष माणसाची लक्षणे नव्हेत.

मी चौतीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले आहे. मला "सगळं चिकनच" सांगू नये. त्या सहातली पाच कोंबडीची होती, हे मला मान्य आहे. सहावी काडी कोंबडीची नव्हती. पांढऱ्या, चिवट, गोल कड्या होत्या त्या. बोकडाची श्वासनलिका म्हणून ती वस्तू खपवण्यात आली. ती खरोखर काय होती, ते मला हवे आहे.

फोनवर माणूस बोलतो आणि दुसऱ्या दिवशी बोललोच नाही म्हणतो. म्हणून लेखी हवे. माझे यजमान सोपानराव हे पत्र कुरुळीत त्यांच्या ओळखीच्या दत्तोबांकडे ठेवतील आणि दत्तोबा ते तुमच्या घरी पोचवतील. उत्तर त्याच वाटेने येऊ द्यावे, रविवारच्या आत. न आल्यास अन्न तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात मी काय करते ते दिसेलच.

सुभद्रा सोपानराव काशीद
निवृत्त शिक्षिका


कुरुळी
१५ नोव्हेंबर

मॅडम,

सविनय जय भीम.

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या सूनबाई आणि बाळ बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, हे उगाच लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही.

माझ्या गाडीवर बोकडाचं काहीही मिळत नाही. कधीच मिळालेलं नाही. माल रोजचा रोज आणते, शिळं ठेवत नाही. त्या दिवशी गाडीवर चाळीस-पन्नास माणसं खाऊन गेली, दुसऱ्या कुणाचीही तक्रार नाही.

माझा भाऊ आयुष म्हणतो, लिहून काही द्यायचं नाही, लिहिलेलं उद्या आपल्याच गळ्यात येतं. म्हणून जास्त लिहीत नाही. पण मॅडम, बोकडाची श्वासनलिका म्हणून मी खपवली, असं तुम्ही लिहिलंय. त्या दिवशीचं जरा आठवून बघा.

दीक्षा ओव्हाळ


पिंपळे गुरव
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

कु. दीक्षा ओव्हाळ यांस,

तुमचे पत्र रविवारी मिळाले. त्यात तुम्ही काय नाही ते सांगितले आहे. काय आहे ते सांगितलेले नाही. दहावीच्या उत्तरपत्रिकेत असे लिहिणाऱ्या मुलांना मी शून्य देत असे.

सोमवारी मी अन्न कार्यालयात अर्ज दिला. पोच माझ्याजवळ आहे.

आता दुसरे सांगते. हे मी अर्जात लिहिलेले नाही.

पूनम घरी आली आहे, पण ती जेवत नाही. नेमके कशाने झाले ते कळेपर्यंत डॉक्टर सायली यांनी कोंबडी, अंडी, मटण, मासळी आणि बाहेरचे मसाले सगळे बंद केले आहे. राहिला वरणभात. तिला मुळात डाळीचा वास सहन होत नाही, तिसऱ्या महिन्यापासून होत नाही, अंड्यावरच ती कशीबशी टिकून होती. आता दोन घास खाते आणि ताटावरून उठते. दहा दिवसांत वजन दोन किलोने उतरले. डॉक्टरीणबाई म्हणतात की बाळाची वाढ व्हायची ती याच दिवसांत, आणि त्यांनी बंदी उठवावी तर त्यांना कारण हवे. त्या म्हणाल्या, "काकू, मला त्या पदार्थाचं नाव आणून द्या. रक्ताची तपासणी कशासाठी करायची हे तरी कळू दे, सगळ्या जगाची तपासणी नाही करता येत."

शिवाय घरात जयदीप तिच्याशी धड बोलत नाही. "तुला उतरायला कुणी सांगितलं होतं? रस्त्यावरचं खायला कुणी सांगितलं होतं?" एवढेच विचारतो. ती खाली बघते.

आता त्या काडीबद्दल. उरलेले आम्ही बांधून घेतले होते, त्या चांदीच्या कागदात एक कडी राहिली होती. ती मी फ्रिजमध्ये ठेवली. तुमचे पत्र आल्यावर भिंग घेऊन बसले, धारदार पात्याने उभा छेद घेतला. श्वासनलिकेत कूर्चा असते, कडक, दाताखाली कुरकुरणारी. हिच्यात कूर्चा नाही. आतड्याला आतून अस्तर असते, ते नाही. शीर नाही, हाडाचा पत्ता नाही, चरबी नाही. मग कोपऱ्यावरच्या मटणवाल्याला नेऊन दाखवली. तो म्हणाला, "आपल्यातलं न्हाई हे काकू. डुकराचं असंल, न्हायतर अजून कशाचं." त्या "अजून कशाचं" वर मी तीन रात्री काढल्या. चायनीजच्या गाड्यांबद्दल लोक काय काय बोलतात ते तुम्हालाही ठाऊक असेल. घरात आमच्या बिनीने चार पिल्ले घातली आहेत. मला त्या मांजरीकडे बघवत नाही.

चौतीस वर्षे मुलांना प्राणी ओळखायला शिकवले. एक कडी मला ओळखता येत नाही. हे मी माझ्या यजमानांनाही सांगितलेले नाही, तुम्हाला सांगते आहे, कारण उत्तर तुमच्याकडेच आहे.

गाडी बंद पाडण्यात मला रस नाही. मला एक शब्द हवा आहे. तो मांजर असला तरी लिहा. मी तो डॉक्टरांना सांगेन आणि तुमच्याशी जे करायचे ते नंतर करीन. पूनमची पुढची तपासणी मंगळवारी, पंचवीस तारखेला सकाळी अकराला आहे. त्याआधी.

सुभद्रा काशीद


कुरुळी
२१ नोव्हेंबर

मॅडम,

जय भीम.

माकूळ. तो शब्द माकूळ.

आधी तेवढं वाचा आणि डॉक्टरांना फोन करा, बाकीचं पत्र नंतर वाचलं तरी चालेल. समुद्रातला जीव आहे, हॉटेलात स्क्विड म्हणतात. कोकणातले लोक घरोघरी खातात, आपल्याकडं घाटावर कुणी बघितलेला नसतो. पिंपरीच्या मासळी बाजारात दापोलीची एक बाई बसते, तिच्याकडून आणते. पिशवीसारखं अंग असतं त्याचं. ते आडवं कापलं की गोल कड्या पडतात. डुक्कर नाही, मांजर तर अजिबात नाही. तुमच्या बिनीला माझ्याकडून दूध घाला.

सहा काड्यांची यादी देते, खाली सही करून. पहिली कोंबडीच्या मांडीची. दुसरी पेट्याची, म्हणजे कोंबडीच्या जठराची. तिसरी दिल. चौथी कातडी, कुरकुरीत भाजलेली. पाचवी शेपटीकडचा चरबीचा तुकडा, तो तुम्हाला फार आवडला. सहावी माकूळ. वरून सगळ्यांना जिरं, लाल तिखट, मीठ, तीळ, आणि भाजताना शेंगतेल. दुसरं काही नाही.

आता मी पहिल्यांदाच का नाही सांगितलं ते. तुमच्या मुलाचा फोन आला तेव्हा त्यांनी नाव-गाव विचारलं नाही. पहिलंच वाक्य, "काय गं, कुत्रं घातलंस का मांजर? पोलीस घेऊन येतो, थांब." मी घाबरले. मागच्या वर्षी माझ्या शेजारच्या गाडीवाल्याचा असाच कुणीतरी व्हिडिओ फिरवला होता. त्याच्याकडं कोबी आणि नूडल्सशिवाय काही नव्हतं, तरी त्याला गाव सोडावं लागलं. माकूळ म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, हे कुठलं जनावर. म्हणून तोंडातून निघालं, "सगळं चिकनच आहे." हे खोटं बोलले. तेव्हाच खरं बोलले असते तर तुमच्या सूनबाई तेरा दिवस उपाशी राहिल्या नसत्या. हे माझ्या मनातून जात नाही, मॅडम. तुम्ही दुसऱ्या पत्रात तिच्या ताटाचं लिहिलंत, ते आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "आयुषचं काय ऐकतीस? लिही आत्ताच्या आत्ता. पोटुशी बाई हाय ती."

पण मॅडम, एक मलाही लिहायचंय. तुम्ही दोन्ही पत्रांत लिहिलंत की सूनबाई उतरल्या. घरातही तसंच सांगितलेलं दिसतंय. त्या एकट्या नव्हत्या. तुम्ही आधी उतरलात. गाडी कडेला लावून, पदर खोचून. त्या मागून आल्या आणि म्हणत होत्या, "आई, नको, ह्यांना कळलं तर ओरडतील." तुम्ही म्हणालात, "त्याला काय कळतंय? डोहाळे तुला लागलेत का त्याला?" मग मला म्हणालात, "प्रत्येकातली एक एक दे. आणि कशाचं काय आहे ते मला सांगायचं नाही. मी खाऊन ओळखते. आयुष्यभर हेच केलंय."

पाच तुम्ही बरोबर ओळखल्या. मी खरंच थक्क झाले होते, पेट्याला तर तुम्ही आतल्या पिवळ्या अस्तरासकट काहीतरी लांबलचक नाव सांगितलंत. गर्दी जमली होती. एक कंपनीतला पोरगा म्हणाला, "भावा, ह्या काकू डॉक्टर आहेत काय?" तुम्ही म्हणालात, "डॉक्टरांना शिकवणारी आहे." सहावी तुम्ही चावलीत, डोळे मिटलेत, आणि म्हणालात, "बोकडाची श्वासनलिका. कूर्चेच्या कड्या." मी म्हणाले, "मॅडम, ते—" तर तुम्ही बोट वर केलंत. "सांगू नकोस म्हटलं ना!" सगळे हसले, मीपण हसले. सूनबाईंनी विचारलं, "आई, मी खाऊ?" आणि तुम्ही म्हणालात, "खा, बोकडाचंच आहे."

तिथं मी तोंड उघडायला पाहिजे होतं. गिऱ्हाईक खूश आहे, कशाला उगाच मोडता घाला, असं वाटलं. माझं चुकलं. तुमचं काय ते तुम्ही बघा.

ह्या काड्या मी कुठे शिकले ते तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. चाकणच्या एका कंपनीत मशिनं बसवायला चीनहून इंजिनिअर आले होते, त्यांच्या गेस्ट हाऊसवर मी दोन वर्षं स्वयंपाक करत होते. त्यांनी घरच्या आठवणीने शिकवल्या. ते गेले, मी गाडी टाकली. त्यांनाही पहिल्या दिवशी आईनं केलेली वजडी ओळखता आली नव्हती. पण त्यांनी आधी विचारलं, मग खाल्ली.

आईचा निरोप आहे: "बाईंना म्हणावं, तीस वर्षं मी बोकडाचं मुंडीपासनं खुरापत्तूर सगळं शिजवलं. ह्यो एवढाच तुकडा खाटकानं कुठं दडवून ठिवला हुता गं?" लिहू नको म्हटलं तरी ती ऐकत नाही.

दीक्षा किसन ओव्हाळ


पिंपळे गुरव
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

दीक्षा,

यापुढे तुला अहो-जाहो करणार नाही. ज्या मुलीने मला तोंडावर चूक दाखवली तिला मी नेहमी एकेरीतच हाक मारत आले आहे.

तुझे पत्र शनिवारी, २२ तारखेला, आम्ही जेवायला बसलो असताना आले. माझा चष्मा वर राहिला होता. मी यजमानांना म्हटले, मोठ्याने वाचा. माझा नियमच आहे तो, घरात आलेले पत्र सगळ्यांसमोर वाचायचे. पहिली ओळ ऐकून मी तशीच उठले आणि उष्ट्या हाताने डॉक्टर सायलींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "वा काकू, आता मला दिशा मिळाली. सोमवारीच रक्त द्यायला पाठवा." मी परत येऊन बसले, इतकी हलकी होऊन की ताटातले वरणसुद्धा गोड लागले. आणि म्हणाले, वाचा पुढे. तेव्हा म्हणायला नको होते, हे तुझ्या लक्षात आले असेल.

यजमान वाचता वाचता थांबले. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, "अगं, हिथं तर तूच हायेस. वाचू का न्हाई?"

जयदीप म्हणाला, "वाचा, बाबा."

त्यांनी सगळे वाचले. माझ्या बोटासकट, "डॉक्टरांना शिकवणारी"सकट. तुझ्या आईच्या निरोपाला त्यांना इतके हसू आले की ठसका लागला. दुसरे कुणी हसले नाही. जयदीप माझ्याकडे बघत होता. लहानपणी तो माझ्या वर्गात होता, तेव्हा मी त्याच्याकडे बघत असे तसा.

"आई, तू होतीस?"

मी म्हटले, "होते."

"आणि तू मला दोन आठवडे हिला बोलू दिलंस?"

मी पूनमकडे वळून विचारले, "तू का नाही सांगितलंस गं?" ती म्हणाली, "तुम्ही दवाखान्याच्या बाकावर रात्रभर बसला होता, आई. म्हटलं, ह्यांचं बोलणं मला सोसेल, तुम्हाला नाही सोसायचं."

बत्तीस वर्षांची मुलगी. मी तिला दोन वर्षे अल्लड समजत आले. तिलाही मी चुकीचेच ओळखले होते. जयदीपने तिची माफी मागितली, तिथेच, आमच्यासमोर. नंतर मी मागितली. मला ते चांगले जमले नाही. यजमान म्हणतात की आवाज दरडावल्यासारखा होता, पण पूनमला कळले.

रक्ताचा अहवाल बुधवारी आला. माकूळ आणि तिच्या जातीचे शिंपलेवाले सगळे पूनमला वर्ज्य, आयुष्यभर. कोंबडी, अंडी, मटण, साधी मासळी, मसाले, सगळे मोकळे. डॉक्टरीणबाईंनी फाईलवर लाल शाईने लिहिले आणि मला म्हणाल्या, "जा काकू, खायला घाला तिला." त्या दिवशी मी कोंबडीचा रस्सा केला. पूनमने दोन भाकऱ्या खाल्ल्या, रस्सा दोनदा मागून घेतला, वर एक उकडलेले अंडे. मी ओट्याला टेकून नुसती बघत होते. जेवणारे माणूस इतके देखणे दिसते हे मला या वयात कळले. काल वजन केले. सातशे ग्रॅमने वाढले आहे.

आता माझ्या विद्येबद्दल. दीक्षा, मृदुकाय प्राण्यांचे प्रकरण मी वर्षातून दोनदा शिकवत असे. माकूळ प्रयोगशाळेच्या कपाटात औषधात बुडवलेली होती, मोठ्या बरणीत. करडी, डोळे वटारलेली, दहा हात लोंबणारी. कितीतरी मुलांना मी तिचे भाग पाठ करून घेतले. पण ती चिरलेली, भाजलेली, जिरे लावलेली समोर आली तेव्हा तोंडात घालूनही मला कळली नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आग्नेस आम्हाला सांगत, ठाऊक नसेल तेव्हा "ठाऊक नाही" म्हणावे, देव रागावत नाही. मी शिकले तिथे सगळे, तेवढे सोडून.

तुझाही दोष आहे आणि तो मी सोडणार नाही. तू मला अडवायला हवे होतेस. गिऱ्हाइकाचे बोट वर असले तरी खाणारी पोटुशी होती. आणि फोनवर खोटे बोलणे हा तर गुन्हाच. जयदीपलाही मी त्याच्या त्या फोनबद्दल सुनावले, आधी स्वतःच्या तोंडाला कुलूप लाव, मग लोकांना विचार. तो तुझ्याकडे स्वतः येऊन बोलणार आहे. आला की त्याला पटकन माफ करू नकोस, जरा ताटकळत ठेव.

आता कामाचे. अन्न कार्यालयातला अर्ज मागे घ्यायला मी गेले होते. तिथले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुमच्या अर्जात 'अज्ञात मांस खपवले' असं आहे. नुसतं मागे घेतो म्हणून चालणार नाही. गाडीवालीचा लेखी जबाब जोडा, काय विकलं होतं आणि गैरसमज कसा झाला." तो जबाब जोडला जाईपर्यंत तुझ्या नावावर तक्रार उघडी राहील, आणि ती मी केलेली आहे.

म्हणून हे पत्र. मला पुढील गोष्टी लेखी हव्यात. सहा पदार्थांची नावे, सहीसह, आधी दिलीस तशी. सहावी काडी माकुळीची होती आणि तू ती माकूळ म्हणूनच विकतेस, हे स्पष्ट. आणि तिला बोकडाची श्वासनलिका हे नाव सुभद्रा सोपानराव काशीद, निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, यांनी दिले, तू सांगत असताना तुला गप्प केले, आणि आपल्या सुनेला खायला सांगितले, हे शब्दशः. "गर्दी होती", "त्या खुशीत होत्या", "मीपण हसले" असली मऊ वाक्ये नकोत. गाडीवर प्रत्येक पदार्थाचे नाव मराठीत, मोठ्या अक्षरात, कधीपासून लागेल तेही लिही. अक्षर तुझे चांगले आहे, रंगाऱ्याची गरज नाही.

तुझ्या आईंना कळव की मी वजडी खाल्लेली नाही. खायला येईन, आणि कशाचे काय आहे ते आधी विचारीन.

सहा डिसेंबरला तुमची गाडी बंद असते आणि तुम्ही सगळे चैत्यभूमीला जाता असे दत्तोबांनी सांगितले, म्हणून मुदत त्याच्या आधीची देते. लेखी जबाब शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडला पाहिजे. त्यातून माझे नाव गाळलेस तर तो कागद मी स्वीकारणार नाही, परत पाठवीन, आणि तू पुन्हा लिहीपर्यंत पाठवत राहीन.

सुभद्रा काशीद